जकात नाक्यापासून मुक्त व्यापार क्षेत्रापर्यंत

(सुवर्णमहोत्सवानिमित्त सेमाडोह येथे झालेल्या व्यापारी मेळाव्यातील भाषण)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या सोहळ्यातील एक सत्र व्यापारविषयक विचारांसाठी राखून ठेवावे, असे विश्वस्तांनी ठरविले आणि त्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा मला केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी कापडाचा व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी पदरी असली तरी व्यवहाराचे शिक्षण दुकानाच्या गादीवरच झाले. तेव्हा आजचा विषय मी गादीवरच्या भाषेतच मांडणार आहे. त्यात कोठे शास्त्रीय परिभाषेची उणीव भासली तर विद्वान मंडळींनी ती गोड मानून घ्यावी.

विषय आहे मुक्त व्यापार क्षेत्रे. ही क्षेत्रे म्हणजे काय, ती कशी चालतात आणि परदेशातून माल मागविणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांचा नेमका लाभ कोणता? सिपना नदीच्या काठी, मेळघाटच्या ऐन जंगलात वसलेल्या सेमाडोहमध्ये हा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. बंदर येथून शेकडो कोस दूर. परंतु आपल्या घरातील मुले आता केवळ सुरत, इचलकरंजी आणि भिवंडीच्या मालावर थांबलेली नाहीत. कोणी शिवणयंत्रांचे सुटे भाग बाहेरून मागवितो, कोणी पडद्यांचे कापड, कोणी विजेची उपकरणे. घरातील वडीलधारी मंडळी मात्र हिशेब पाहून विचारतात, “माल अजून गोदामात, विक्री अजून व्हायची आहे, मग एवढा पैसा अडकला कुठे?” बहुतेक वेळा तो पैसा सीमाशुल्कात अडकलेला असतो. या अडकलेल्या पैशाविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

प्रथम आपल्या ओळखीच्या गोष्टींपासून सुरुवात करू या. माझ्या वयाच्या मंडळींना जकात नाके आठवत असतील. शहराच्या वेशीवर मालमोटार थांबे, पावत्या तपासल्या जात आणि जकात भरल्यावाचून माल आत जात नसे. महाराष्ट्रात नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. पुढे महानगरपालिकांमधूनही ती टप्प्याटप्प्याने गेली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईचीही संपली. त्या जकातीच्या नियमांत एक शहाणपण होते. जो माल शहरात विकला किंवा वापरला जाणार नव्हता, जो केवळ शहरातून पुढे जाणार होता, त्यावर कायमची जकात पडत नसे. आत शिरताना नोंद होई, बाहेर पडताना दुसऱ्या नाक्यावर ती नोंद जुळविली जाई. जकातीचे मूळ तत्त्व असे, की कर हा शहरात माल खपण्यावर असतो, माल नुसता शहरात दिसण्यावर नसतो.

आता भिवंडीचे उदाहरण घ्या. भिवंडीला आपण यंत्रमागांचे गाव म्हणून ओळखतो. पण त्या तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या हद्दीत मैलोगणती गोदामे उभी राहिली, ती कशामुळे? जमीन स्वस्त होती हे एक कारण. दुसरे मोठे कारण असे, की ती गोदामे मुंबई महापालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर होती. देशभरातून आलेला माल व्यापारी तेथे उतरवीत, मुंबईतील दुकानाला जेवढा लागेल तेवढाच आत नेत आणि तेवढ्याचीच जकात भरीत. उरलेला माल नाशिक, पुणे किंवा गुजरातकडे गेला तर मुंबईच्या जकातीचा प्रश्नच येत नसे. यात चोरी नव्हती, लपवाछपवी नव्हती. कर कोठे लागतो हे ओळखून माल त्या रेषेच्या अलीकडे ठेवण्याची ती व्यवस्था होती.

मित्रहो, मुक्त व्यापार क्षेत्र हे याच कल्पनेचे मोठे रूप आहे. भिवंडीच्या जागी कुंपण घातलेले क्षेत्र समजा, महापालिकेच्या जागी भारत सरकार, आणि जकातीच्या जागी सीमाशुल्क. आपल्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याच्या, म्हणजे २००५ च्या कायद्याच्या, ५३ व्या कलमात असे क्षेत्र भारताच्या सीमाशुल्क प्रदेशाबाहेरचे मानले जाईल, असे सांगितले आहे. जमीन भारताची, पोलीस भारताचे, न्यायालये भारताची. केवळ सीमाशुल्कापुरती ती जागा परदेश समजली जाते. तेथे माल उतरला तरी कायद्याच्या दृष्टीने तो अजून देशात आलेला नसतो.

ही कल्पना जगात नवी नाही. अमेरिकेने १९३४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर त्यांचे पहिले क्षेत्र सुरू झाले. महामंदीचा तो काळ होता. आयात शुल्क खूप वाढले होते आणि परदेशी माल अमेरिकेच्या बंदरांना टाळू लागेल अशी भीती होती. शुल्क कमी न करता व्यापार टिकविण्याचा मार्ग म्हणून ही क्षेत्रे निघाली. आयर्लंडने १९५९ मध्ये शॅनन विमानतळाजवळ असे क्षेत्र काढले. आपल्या देशाने १९६५ मध्ये कच्छमधील कांडला येथे निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू केले. आशिया खंडातील ते पहिले. त्यानंतर १९७३ मध्ये मुंबईच्या अंधेरी भागात सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले सीप्झ, सुरू झाले. नाव इलेक्ट्रॉनिक्सचे असले तरी पुढे तेथे जडजवाहिराच्या उद्योगाने मोठे मूळ धरले. सोने आणि हिरे शुल्क न भरता आत यावयाचे, तेथे दागिने घडावयाचे आणि परदेशी जावयाचे, असा तो व्यवहार. २००० साली कांडला व सीप्झ यांचे विशेष आर्थिक क्षेत्रांत रूपांतर झाले.

ही सारी क्षेत्रे मुख्यतः निर्यातीसाठी होती. आयात करणाऱ्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा टप्पा २००४ च्या परकीय व्यापार धोरणात आला. त्या धोरणात मुक्त व्यापार व गोदाम क्षेत्र ही कल्पना मांडली गेली आणि पुढील वर्षीच्या कायद्यात तिला स्थान मिळाले. या क्षेत्रात कारखाना नसला तरी चालतो. साठवण आणि व्यापार हेच तेथील काम. देशातील असे पहिले क्षेत्र २०१० मध्ये आपल्याच राज्यात, पनवेलजवळ साई या गावी सुरू झाले. न्हावा शेवा बंदराजवळ बंदर प्राधिकरणाचे स्वतःचे विशेष आर्थिक क्षेत्रही आहे. विदर्भापुरते बोलावयाचे तर नागपूरला मिहान प्रकल्पात विशेष आर्थिक क्षेत्र आहे आणि अंतर्देशीय कंटेनर डेपोही आहे. म्हणजे सीमाशुल्काचे कामकाज आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर येऊन ठेपले आहे.

आता प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो ते पाहू. समजा, आपल्यापैकी कोणी परदेशातून पडद्याच्या कापडाचा एक कंटेनर मागविला. बंदरात शुल्क न भरता तो कंटेनर मोहोरबंद स्थितीत मुक्त व्यापार व गोदाम क्षेत्रात जातो. तेथे परवाना घेतलेले गोदामचालक असतात. व्यापाऱ्याला स्वतः तेथे जागा विकत घेण्याची गरज नसते. गोदामचालकाकडे तो आपला माल ठेवतो. तेथे माल उघडता येतो, मोजता येतो, प्रतवारी करता येते, नव्याने बांधता येतो. किरकोळ किंमत, आयातदाराचे नाव आणि पत्ता यांचे जे लेबल वेष्टनावर आपल्याकडे सक्तीचे आहे, तेही तेथे लावता येते. सुटे भाग जोडून वस्तू तयार करण्यासही काही बाबतींत परवानगी आहे. यानंतर मालाला तीन वाटा असतात. देशात विकावयाचा असेल तर बिल ऑफ एंट्री दाखल करून, शुल्क भरून, जेवढा हवा तेवढा बाहेर काढावा. दुसऱ्या देशात गिऱ्हाईक मिळाले तर येथील शुल्क न भरता तिकडे पाठवावा. पसंत पडला नाही तर ज्याचा त्याला परत करावा.

यात एक बारीक मुद्दा आहे. शुल्काचा दर माल क्षेत्रात आला त्या दिवसाचा धरत नाहीत. तो क्षेत्रातून देशात निघाला त्या दिवसाचा धरतात. मधल्या काळात शुल्क कमी झाले तर लाभ, वाढले तर भार. तेजी-मंदी ओळखणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता लाभ किती, याचा हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतो. माल एक कोटी रुपयांचा. मूळ सीमाशुल्क शेकडा २० धरले तर २० लाख. त्यावर समाजकल्याण अधिभार शुल्काच्या शेकडा १०, म्हणजे २ लाख. या १ कोटी २२ लाखांवर एकात्मिक वस्तू व सेवा कर शेकडा ५ धरला तर ६ लाख १० हजार. एकूण २८ लाख १० हजार रुपये. नेहमीच्या मार्गाने माल सोडविला तर ही सारी रक्कम एक ताकाही विकला जाण्यापूर्वी भरावी लागते. वस्तू व सेवा कराची वजावट पुढे मिळते हे खरे, पण तोवर रोकड गेलेली असते.

हाच माल क्षेत्रात ठेवून दहा समान हिश्शांत, दर महिन्याला एक याप्रमाणे काढला तर? पहिल्या हिश्शाचे शुल्क लगेच, दहाव्याचे नऊ महिन्यांनी. सरासरीने साडेचार महिने ही रक्कम आपल्याकडेच राहिली. बँकेचे व्याज दरमहा शेकडा एक धरले तर बचत होते सुमारे सव्वा लाख रुपयांची. यातून गोदामाचे भाडे, हमाली आणि कागदपत्रांचा खर्च वजा करावयाचा. तो खर्च सव्वा लाखाच्या आत असेल तरच हा मार्ग फायद्याचा. बाहेर गेला तर क्षेत्राचे नाव कितीही मोठे असो, आपल्याला ते परवडणारे नाही. म्हणून मी तरुणांना सांगतो, आधी पाटीवर हा हिशेब मांडा आणि मगच माहितीपत्रकातील रंगीत चित्रे पाहा.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. क्षेत्रात ठेवलेल्या मालावर शुल्क माफ होत नाही. देशात जो ताका विकला जाईल त्याचे संपूर्ण शुल्क सरकारला मिळतेच. क्षेत्र आपल्याला सवड देते. ‘शुल्कमुक्त’ हा शब्द ऐकून ज्यांना कर चुकविण्याची वाट सापडल्यासारखे वाटते, त्यांनी तो गैरसमज येथेच सोडावा.

मात्र एका बाबतीत शुल्क खरोखरच वाचते, आणि ते समजण्यासाठी आपल्याच बाजारातला एक जुना शब्द पुरेसा आहे. तो शब्द म्हणजे जांगड. कापड बाजारात आणि हिरे बाजारात जांगडाचा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. माल जांगडावर दिला म्हणजे तो दाखविण्यासाठी दिला, विकला नाही. पसंत पडला तर बिल, नाही तर माल परत. जांगडावर गेलेल्या मालाची विक्री कोणी विक्रीखात्यात लिहीत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारात मात्र अडचण अशी, की माल पाहावयाचा तर तो देशात आणावयास हवा, आणि देशात आणला की शुल्क. मुक्त व्यापार क्षेत्राने देशादेशांमधील जांगड शक्य केले. मुंबईच्या भारत डायमंड बोर्समध्ये २०१५ साली यासाठीच एक विशेष अधिसूचित क्षेत्र उघडण्यात आले. परदेशी खाणकंपन्यांनी कच्चे हिरे तेथे आणावयाचे, आपल्या व्यापाऱ्यांनी ते डोळ्यांनी पारखावयाचे, आणि न विकलेले हिरे कंपन्यांनी परत न्यावयाचे. त्यापूर्वी पारख करण्यासाठी आपल्या व्यापाऱ्याला ॲन्टवर्प किंवा दुबई गाठावी लागे. मोठ्यांना ते परवडे, लहानाला परवडत नसे. क्षेत्रामुळे लहान व्यापाऱ्यालाही माल समोर पाहून घेण्याची सोय झाली, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

आपल्या पडद्याच्या कापडाकडे परत येऊ. शंभर गठाणींपैकी आठ गठाणी डागी निघाल्या असे धरा. नेहमीच्या मार्गाने त्या आठ गठाणींचेही सुमारे सव्वादोन लाखांचे शुल्क आधीच भरलेले असते. न वापरलेला माल परत पाठविला तर भरलेल्या आयात शुल्कापैकी शेकडा ९८ पर्यंत परताव्याची तरतूद कायद्यात आहे; परंतु त्यासाठी माल तोच आहे हे सिद्ध करावे लागते, अर्ज करावे लागतात आणि वाट पाहावी लागते. क्षेत्रात त्या आठ गठाणी बाजूला काढून परत पाठविल्या की शुल्काचा प्रश्नच उद्भवत नाही. न दिलेला पैसा परत मागावा लागत नाही.

आणखी एक सोय अलीकडे स्पष्ट झाली आहे. माल क्षेत्रात असतानाच एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला विकला तर त्या विक्रीवर वस्तू व सेवा कर लागतो की नाही, याबद्दल संभ्रम होता. २०२५ च्या वित्त कायद्याने, माल निर्यातीसाठी किंवा देशात काढण्यापूर्वी झालेल्या अशा विक्रीला करपात्र पुरवठा मानू नये, अशी दुरुस्ती १ जुलै २०१७ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने केली. त्यामुळे दोघा-तिघांनी मिळून एक कंटेनर मागवावा, एकाने आणावा आणि इतरांनी क्षेत्रातच आपापला हिस्सा विकत घ्यावा, हे अधिक सुकर झाले आहे.

परंतु सर्वांनीच क्षेत्राकडे धावावे असे मी म्हणत नाही. सीमाशुल्क कायदा १९६२ चा. त्यातील बंधपत्रित गोदामाची व्यवस्था पुष्कळांना पुरेशी आहे. तेथेही शुल्क न भरता माल ठेवता येतो. अट अशी, की देय शुल्काच्या तिप्पट रकमेचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. पहिल्या ९० दिवसांपुरते शुल्कावर व्याज नाही. त्यानंतर दर साल दर शेकडा १५ प्रमाणे व्याज सुरू होते, आणि सर्वसाधारण मुदत एक वर्षाची असते. ज्याचा माल तीन महिन्यांत खपतो त्याला हे गोदाम उत्तम. ज्याचा माल मोसमी आहे, लग्नसराईपर्यंत किंवा दिवाळीपर्यंत थांबावयाचे आहे, त्याने व्याजाचा आकडा पाहून मग क्षेत्राचा विचार करावा.

कारखानदारी करू इच्छिणाऱ्यांसाठी तिसरी वाट आहे. बंधपत्रित गोदामातच उत्पादन करण्याची मुभा याच कायद्याच्या ६५ व्या कलमात पूर्वीपासून आहे आणि १ ऑक्टोबर २०१९ च्या नियमांनी ती बरीच सुटसुटीत केली. यंत्रे आणि कच्चा माल शुल्क न भरता आणावा, माल तयार करावा; निर्यात झालेल्या मालातील कच्च्या मालावर शुल्क नाही, देशात विकलेल्या मालापुरते कच्च्या मालाचे शुल्क भरावे, आणि या लांबलेल्या शुल्कावर व्याजही नाही. विशेष आर्थिक क्षेत्रातील कारखान्याने देशात माल विकला तर सर्वसाधारण नियमाने शुल्क तयार मालावर, जणू तो परदेशातून आला आहे असे मानून लागते. हा भेद कागदावर लहान दिसतो, पण नफा-तोटा त्यावरच ठरतो. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे कापड उद्योगांची वसाहत आधीपासून आहे. शिवाय अमरावतीसाठी मंजूर झालेल्या पीएम मित्र वस्त्रोद्यान प्रकल्पाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथील कार्यक्रमात झाली. आपली मुले तेथे शिलाईचे किंवा विणाईचे युनिट काढण्याचा विचार करीत असतील तर त्यांनी जागेची चौकशी करतानाच सल्लागाराला या ६५ व्या कलमाविषयी विचारावे.

आता या व्यवस्थेची किंमत काय, तेही सांगतो. ती किंमत म्हणजे चोख वही. परतवाड्याच्या लाकूड डेपोत ज्यांनी व्यवहार केला आहे त्यांना ठाऊक आहे, की लिलावात घेतलेला साग डोळ्यांसमोर पडलेला असला तरी पैसे भरून वाहतूक परवाना मिळेपर्यंत त्याला हात लावता येत नाही, आणि प्रत्येक नगाची नोंद नाक्यावर जुळावी लागते. क्षेत्राचे तसेच आहे. किती आले, किती गेले, किती शिल्लक, याचा मेळ प्रत्येक क्षणी बसला पाहिजे. जे हिशेबात आहे आणि गोदामात नाही, ते चोरून बाजारात गेले असे धरून शुल्क आणि वर दंड वसूल होतो. तेथे ‘नंतर लिहू’ चालत नाही. आपल्या पूर्वजांची रोजमेळ त्या दिवशीच पुरा करण्याची सवय येथे सर्वांत मोठे भांडवल ठरेल.

शेवटी, ज्या गोष्टीमुळे मी हा विषय घेतला ती सांगून पुरे करतो. आपण वऱ्हाडातील कापड व्यापारी. आपला ग्राहक कोण? कापूस पिकविणारा शेतकरी. दसरा-दिवाळीनंतर त्याच्या घरी कापसाचा पैसा आला तर आपल्या दुकानात लग्नाचा बस्ता बांधला जातो. नाही आला तर उधारीची पाने वाढतात. त्यामुळे आयातीचा विचार करताना केवळ आयातदार म्हणून पाहणे आपल्याला परवडणारे नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने आयात कापसावर सर्व मिळून शेकडा ११ शुल्क लावले. एप्रिल २०२२ पासून ऑक्टोबर २०२२ अखेरपर्यंत ते उठविले. पुन्हा १९ ऑगस्ट २०२५ पासून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत ते उठविले, म्हणजे नेमका आपल्याकडे नवा कापूस बाजारात येण्याच्या मोसमात. गिरण्यांची बाजू अशी, की निर्यातीच्या बाजारात टिकावयाचे तर कच्चा माल जगाच्या भावाने मिळाला पाहिजे. शेतकऱ्यांची बाजू अशी, की परदेशी कापूस स्वस्त आला तर आमचा भाव पडतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

येथे मला मुक्त व्यापार क्षेत्राच्या तत्त्वाचे महत्त्व पटते. सरसकट शुल्क उठविले की परदेशी कापसाचे सूत निर्यात होवो अथवा देशात विकले जावो, सर्वांनाच सूट मिळते आणि तिचा भार शेतकऱ्याच्या भावावर येतो. क्षेत्रात किंवा बंधपत्रित कारखान्यात मात्र सूट टिकते ती प्रत्यक्ष देशाबाहेर जाणाऱ्या मालापुरतीच. देशात जे विकले जाईल त्याने शुल्क भरलेच पाहिजे. निर्यातदाराला जगाचा भाव मिळतो आणि शेतकऱ्याचे कुंपणही शाबूत राहते. गिरण्यांसाठी याखेरीजही निर्यातीशी बांधलेल्या शुल्कसवलतीच्या योजना आहेत, तत्त्व तेच. निर्यातीची गरज अशा मोजून दिलेल्या सवलतीने भागत असेल, तर ऐन मोसमात सर्वांसाठी दार उघडण्यापूर्वी शासनाने वऱ्हाडातील कापूस उत्पादकाचा विचार करावा, असे आपल्या व्यापारी संघटनांनी स्पष्टपणे म्हणावयास हवे. गिऱ्हाईकाच्या बाजूने बोलणे हे दुकानदाराचे कर्तव्यच आहे.

ही क्षेत्रे निष्कलंक आहेत असेही मी म्हणणार नाही. रायगड जिल्ह्यात महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी शेतजमिनी घेण्यास तीव्र विरोध झाला. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील गावांत शासनाला शेतकऱ्यांचे मत अजमावावे लागले आणि तो प्रकल्प अखेर उभा राहिला नाही. साठवणीच्या क्षेत्राला हजारो एकर जमीन लागत नाही, हे खरे. पण कुंपण कोणाच्या शेतात घातले जाते, हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक गावाला आहे.

तरुण मित्रांनी घरी जाताना तीन प्रश्न सोबत न्यावेत. माझा माल किती महिन्यांत खपतो? त्यातील किती माल परत जाण्याचा किंवा देशाबाहेर विकला जाण्याचा संभव आहे? आणि माझी वही रोजच्या रोज जुळते का? माल लवकर खपत असेल तर सरळ शुल्क भरून सोडवावा, अथवा तीन महिन्यांपुरते बंधपत्रित गोदाम वापरावे. माल रेंगाळणारा, पारखून घेण्याचा किंवा परदेशी फिरणारा असेल तर मुक्त व्यापार क्षेत्राची चौकशी करावी. आणि वही जुळत नसेल तर आयातीच्या आधी वही जुळवावी.